खोकल्यापेक्षा श्वासाकडे पाहा

ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीहून निघून विश्रांतवाडीमार्गे पुण्यात येते, तोवर मृगाच्या सरी सहसा पडून गेलेल्या असतात. वारकरी पुढे जातात, पाऊस मात्र मुक्कामाला राहतो आणि त्याच्यासोबत लहान मुलांची सर्दी, ताप व खोकला घरोघरी येतो. पुढे थंडीत हेच चक्र पुन्हा एकदा फिरते. अशा दिवसांत विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर, कळस या भागांतील बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्यांमध्ये आजी-आजोबांची संख्या मोठी असते. मुलगा आणि सून खराडी किंवा विमाननगरच्या कार्यालयात गेलेले असतात आणि वर्षा-दीड वर्षाचे नातवंड दिवसभर आजीजवळ असते. त्यामुळे मुलाच्या आजारातील पहिला बदल वडीलधाऱ्यांच्याच नजरेस पडतो. आजचा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

लहान मुलांच्या श्वसनमार्गाच्या संसर्गावर उपचार कसे करावेत, याविषयी जागतिक आरोग्य संघटनेची आणि आपल्या केंद्र शासनाची लिखित मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती डॉक्टरांसाठी आणि आरोग्यसेविकांसाठी लिहिलेली असली, तरी त्यांचा गाभा घरातील कोणालाही समजेल इतका साधा आहे. खोकला असलेल्या मुलाचे श्वास मोजा, छातीकडे पाहा आणि धोक्याची लक्षणे आहेत का ते तपासा, एवढे ती सांगतात. यांपैकी काहीच नसेल तर प्रतिजैविक देऊ नका. असेल तर विलंब करू नका. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात आपल्याकडे पुष्कळदा उलटे घडते. साध्या सर्दीला चार बाटल्या औषध दिले जाते आणि खऱ्या न्यूमोनियाला ‘छातीत कफ झालाय, उतरेल’ म्हणून दोन दिवस घरीच ठेवले जाते.

श्वास मोजण्याची कल्पना कोठून आली

न्यूमोनियात फुप्फुसातील वायुकोशांत द्रव साचतो आणि फुप्फुस ताठर होते. प्रत्येक श्वासागणिक आत जाणारी हवा कमी पडू लागली, की शरीर श्वासांची संख्या वाढवून ती तूट भरून काढते. म्हणूनच जलद श्वास हे न्यूमोनियाचे लवकर दिसणारे चिन्ह आहे. खोकल्याचा मोठा आवाज, नाकातून वाहणारा हिरवा शेंबूड किंवा छातीची घरघर यांपेक्षा ते अधिक विश्वासार्ह ठरते.

हे ज्ञान मोठ्या यंत्रांतून आलेले नाही. १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनी येथे डॉ. फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले, की क्ष-किरण तपासणीची सोय नसलेल्या ठिकाणीही श्वासांच्या गतीवरून उपचाराची गरज ओळखता येते. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी भारतीय मुलांवर अभ्यास करून १९८८ साली असाच निष्कर्ष मांडला. एक वर्षाच्या आतील बाळासाठी आणि त्यापुढील मुलासाठी वेगवेगळी मर्यादा धरली पाहिजे, हेही त्यातून स्पष्ट झाले.

या ज्ञानाचा गावपातळीवर कस लागला तो आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ५८ गावांत आरोग्य कार्यकर्ते, गावातील आरोग्यदूत आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखण्याचे व त्यावर तोंडाने घ्यायचे प्रतिजैविक देण्याचे शिक्षण दिले. तुलनेसाठी ४४ गावे घेतली. सुईणींपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या. पन्नासपर्यंत अंक मोजणे त्यांना अवघड जाई. त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वासमापक तयार करण्यात आले. ठरावीक श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी खुणेच्या मण्यापर्यंत पोहोचलो, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के आढळले. ज्यांना अंकही पुरते मोजता येत नव्हते, अशा स्त्रियांच्या हातून हे घडले. तेव्हा मनगटावर घड्याळ आणि हातात मोबाइल असलेल्या पुण्यातील आजी-आजोबांना ही मोजणी अवघड वाटण्याचे कारण नाही.

घरी मोजणी कशी करावी

बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत किंवा आईच्या कुशीत असताना श्वास मोजावेत. रडताना, दूध पिताना किंवा खेळून धापा टाकताना मोजलेला आकडा खोटा असतो. ताप चढलेला असला तरीही श्वास थोडे वाढतात. म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा एकदा मोजावेत. मात्र ताप उतरण्याची वाट पाहत डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

अंगावरचा झबला वर करून पोट व छातीचा खालचा भाग दिसेल असे पाहावे. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास झाला. पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. मध्येच थांबतो, मध्येच जलद होतो. एकाने घड्याळ पाहावे आणि दुसऱ्याने मोजावे, हे उत्तम. मोजताना आकडा चुकत असेल तर गडचिरोलीच्या सुईणींचीच युक्ती करावी. दर दहा श्वासांना जपमाळेचा एक मणी पुढे घ्यावा, नाहीतर वाटीत चवळीचा एक दाणा टाकावा.

मर्यादा अशा आहेत:

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ : मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास
दोन महिने पूर्ण ते एक वर्षापर्यंत : ५० किंवा अधिक
एक वर्ष ते पाच वर्षांपर्यंत : ४० किंवा अधिक

दोन महिन्यांच्या आतील बाळाची मोजणी ६० किंवा अधिक आली तर लगेच पुन्हा मोजावी. दुसऱ्यांदाही तीच आली, तर घरी काहीही न करता रुग्णालय गाठावे. या वयात नुसता ताप असला, किंवा बाळाने दूध ओढणे कमी केले, तरीही तोच नियम आहे. त्याहून मोठ्या मुलाचा श्वास जलद आढळला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

श्वास मोजून झाल्यावर छातीकडे पाहावे. निरोगी बाळ श्वास आत घेते तेव्हा छाती आणि पोट दोन्ही वर येतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर फुप्फुसांवर मोठा ताण आहे असे समजावे. अशा वेळी उद्याची वाट पाहू नये.

पुढील लक्षणे धोक्याची आहेत. मूल पाणी किंवा दूध पिऊ शकत नाही, प्यालेले सगळे उलटून टाकते, झटके येतात, सुस्त पडून राहते व हाक मारल्यावर नीट जागे होत नाही, शांत असतानाही श्वास घेताना घशातून कर्कश आवाज येतो, कण्हत श्वास घेते, ओठ किंवा जीभ निळसर दिसते. यांपैकी एकही लक्षण दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात जावे. मुलगा-सून कार्यालयातून येईपर्यंत थांबू नये. रात्री-अपरात्री बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्सिजनची सोय घराजवळ कोठे आहे, याची चौकशी आधीच करून तो दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावून ठेवावा. आळंदी रस्त्यावर संध्याकाळी वाहनांची किती कोंडी होते, हे विश्रांतवाडीकरांना सांगायला नको. तो वेळही हिशेबात धरावा.

श्वास जलद नसेल तर

बहुतेक वेळा मोजणी मर्यादेच्या आतच येते. तेव्हा मुलाला साधा सर्दी-खोकला आहे आणि तो विषाणूंमुळे झाला आहे, असे मानण्यास जागा असते. बालवाडीत किंवा पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा अशी सर्दी होऊ शकते. नाक साधारण आठ-दहा दिवस वाहते. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो, ते बहुधा सर्दी पुढे सरकत असल्याचे लक्षण असते. रंग बदलला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग झाला, असे होत नाही.

प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. साध्या सर्दीत ती दिल्याने सर्दी लवकर बरी होत नाही. जुलाब, अंगावर पुरळ असे त्रास मात्र होऊ शकतात. शिवाय वारंवार वापराने जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि ज्या दिवशी मुलाला खरोखर न्यूमोनिया होतो, त्या दिवशी ते कमी पडते. दोन वर्षांच्या आतील बाळांना होणाऱ्या ब्राँकिओलायटिस या आजारातही हेच लागू पडते. त्यात बारीक श्वासनलिका सुजतात, छातीत सूं-सूं आवाज येतो आणि श्वास जलदही होतो. तरी मूळ कारण विषाणू असल्याने प्रतिजैविकाचा सहसा उपयोग नसतो. लागते ती देखरेख, पुरेसे दूध-पाणी आणि गरज पडल्यास ऑक्सिजन. हा भेद तपासून ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. ‘जलद श्वास’ ही आपल्यासाठी दाखवून घेण्याची खूण आहे. औषधांच्या दुकानातून स्वतः प्रतिजैविक आणण्याची परवानगी नव्हे.

उलट, डॉक्टरांनी न्यूमोनियाचे निदान करून प्रतिजैविक दिले असेल, तर ते सांगितलेल्या प्रमाणात व सांगितलेले सर्व दिवस द्यावे. अशा मुलांसाठी तोंडाने घ्यायचे अमॉक्सिसिलिन हे साधे, स्वस्त औषध मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या पसंतीचे मानले आहे. दुसऱ्या दिवशी मूल हसू-खेळू लागले म्हणून ते बंद करू नये. दोन-तीन दिवसांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा दाखवावे. श्वास सुधारला नसेल तर उपचार बदलावा लागतो. उरलेली बाटली मात्र पुढच्या आजारासाठी जपून ठेवू नये. पाणी घालून तयार केलेले पातळ औषध थोड्याच दिवसांत निरुपयोगी होते.

खोकल्याच्या बाटल्या

ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील मुलांच्या मृत्यूंच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळले. तपासलेल्या नमुन्यात त्याचे प्रमाण ४८.६ टक्के होते. मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले होते. वीसहून अधिक मुले दगावली. महाराष्ट्राला हे रसायन अपरिचित नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने दूषित झालेल्या ग्लिसरिनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला होता आणि त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली होती.

विषारी बाटली बाजारात येऊ न देणे ही उत्पादकांची आणि शासनाची जबाबदारी आहे. पण या दुर्घटनेत एक दुसरी गोष्टही दडलेली आहे. अशा वयातील मुलाच्या साध्या खोकल्याला मुळात त्या बाटलीची गरजच नसते. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यांना कळवले, की दोन वर्षांच्या आतील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांच्या आतील मुलांसाठीही त्यांची सामान्यतः शिफारस नाही. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन व फिनाइलएफ्रिन यांच्या मिश्रणाच्या औषधांवर ‘चार वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये’ अशी सूचना छापण्यास सांगितले होते. घरातील बाटल्या आजच एकदा चष्मा लावून वाचाव्यात.

तापासाठी दिले जाणारे पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित आहे. पण तेथेही एक खबरदारी हवी. थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपच्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणजे सिरपच्या मापाने थेंब दिले तर दोन ते चारपट मात्रा पोटात जाते. डॉक्टरांनी लिहिलेले नाव, त्याखालचे प्रमाण आणि बाळाचे सध्याचे वजन या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज औषध देऊ नये. शेजारच्या घरातून आणलेल्या नेब्युलायझरची वाफही प्रत्येक खोकल्यावर देऊ नये. त्यातील औषध दम्यासारख्या आजारात, डॉक्टरांनी सांगितल्यासच द्यायचे असते.

आजीचा बटवा : काय ठेवावे, काय वगळावे

मार्गदर्शक तत्त्वे घरगुती उपायांच्या विरोधात नाहीत. घशाला आराम देणारे निरुपद्रवी उपाय करावेत, असे ती सांगतात. स्तनपान चालू ठेवावे आणि अधिक वेळा पाजावे. मोठ्या मुलाला कोमट पाणी, वरणाचे पाणी, मऊ भात थोडा थोडा द्यावा. नाक चोंदले असेल तर पाजण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या मिठाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब नाकात टाकावेत. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला रात्री कोमट पाण्यातून अर्धा चमचा मध दिला तर खोकल्याची ढास कमी होते. वर्षाच्या आतील बाळाला मात्र मधाचे बोटसुद्धा लावू नये. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

काही जुन्या रीती आता प्रेमाने बाजूला ठेवायला हव्यात. अंगाला तेल चोळावे, पण नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरले तर तेलामुळेच न्यूमोनिया होतो. न्हाऊ घातल्यावर दिली जाणारी धुरी, तसेच बंद खोलीतील उदबत्ती आणि डासांची कॉइल यांचा धूर लहान श्वासनलिकांना त्रास देतो. कापूर लहान बाळाच्या नाकाजवळ किंवा छातीवर लावू नये; तो पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. गरम पाण्याच्या भांड्याजवळ धरून वाफ देताना मुले भाजतात, म्हणून तेही टाळावे. घरात विडी-सिगारेट ओढली जात असेल, तर गॅलरीत जाऊन ओढणे पुरेसे नाही. कपड्यांतून धुराचे कण घरात येतातच.

आजार येण्यापूर्वी

न्यूमोनियापासून संरक्षण देणारी लस आता शासकीय लसीकरणात मोफत मिळते. न्यूमोकोकल लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत दिली जाते. २०२१ पासून ती देशभर उपलब्ध झाली. या लसीचे भारतीय बनावटीचे उत्पादन आपल्या पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आणले. पेंटाव्हॅलंट लसीतील हिब घटक आणि गोवर-रुबेला लस हेही न्यूमोनियापासून बचाव करतात. लसीकरणाचे कार्ड काढून एखादी मात्रा राहिली आहे का, हे पाहण्याचे काम आजोबांनी आपल्याकडे घ्यावे. केंद्र शासनाने २०१९ साली न्यूमोनियाविरुद्ध ‘सांस’ ही मोहीम सुरू केली. तिच्या काळात आशाताई घरी आल्या तर त्यांच्याकडून श्वासमोजणी प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

वडीलधाऱ्यांनी स्वतःचीही तपासणी टाळू नये. आपल्याला सर्दी असेल तेव्हा बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, मास्क लावावा आणि पापे घेणे काही दिवस थांबवावे. आपला खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती शासकीय केंद्रांत मोफत होते. घरातील मोठ्या माणसाचा निदान न झालेला क्षय लहान मुलाला सर्वांत आधी गाठतो.

शेवटी डॉक्टरांशी होणाऱ्या संवादाविषयी. ‘काहीतरी जोरदार द्या, उद्यापर्यंत बरा झाला पाहिजे,’ हा आग्रह डॉक्टरांच्या कानावर दररोज पडतो आणि तो पुष्कळदा ज्येष्ठांकडूनच होतो. त्यामागे माया असते. पण त्या आग्रहाच्या दडपणाखाली नको असलेली औषधे कागदावर उतरतात. त्याऐवजी पुढील गोष्टी विचाराव्यात. बाळाचा श्वास मिनिटाला किती आहे? हा न्यूमोनिया आहे का? प्रतिजैविक दिले असेल तर कशासाठी आणि किती दिवस? कोणते लक्षण दिसल्यास लगेच परत यावे? आपण घरी केलेल्या मोजणीचा आकडा आणि वेळ कागदावर लिहून नेल्यास डॉक्टरांना तुलना करता येते. आणि तपासून झाल्यावर ‘याला औषधाची गरज नाही, लक्ष ठेवा’ असे डॉक्टरांनी सांगितले, तर त्यांनी तपासणीचे शुल्क घेऊन काही दिले नाही असे समजू नये. घरी आल्यावर बाळ झोपले की पुन्हा एकदा घड्याळ घेऊन त्याच्या उशाशी बसावे, श्वास मोजावेत आणि आकडा त्याच कागदावर खाली लिहावा.